थंडीत शाबूत, वितळणीत खलास : रस्त्याच्या नुकसानीचा अंदाज बांधायचा कसा?

गिट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

काम रस्त्यांच्या देखभालीचं. आमच्या टापूत जमीन दर हिवाळ्यात मीटर-सव्वा मीटर गोठते आणि उन्हाळ्याआधी पूर्ण सुटते. वरून फर्मान आलंय : येत्या वितळणीत कुठले तुकडे मोडणार ते आधी सांगा, म्हणजे दुरुस्तीची तजवीज आणि जड गाड्यांवरची बंदी त्याप्रमाणे ठरवता येईल.

मी जमेल तेवढी माहिती गोळा केली. थरांची जाडी, मातीचा प्रकार, वाहतूक, जवळच्या हवामान केंद्राचं रोजचं तापमान, दरवर्षी मोजलेला खडबडीतपणा (आयआरआय) आणि भेगांची नोंद. त्यावर एक मॉडेल बसवलं, निर्णयवृक्षांचं. पहिल्याच फटक्यात उत्तरं इतकी देखणी आली की मलाच संशय आला. तो रास्त होता, त्याबद्दल खाली लिहीनच.

तूर्त दोन गोष्टी छळतायत.

एक : किमान तापमान हा रकाना जवळपास बिनकामाचा निघाला. माझी अपेक्षा होती, जितकी कडक थंडी तितकं जास्त नुकसान. तसं दिसतच नाही. उलट एका बऱ्यापैकी सौम्य हिवाळ्यानंतर रस्त्यांची पार दैना झाली होती.

दोन : तुकडा नंबर ७. शेजारच्या ६ नंबरसारखीच माती, तेवढीच वाहतूक, तोच चढ, एकाच वर्षी वरचा थर टाकलेला. मॉडेल दरवर्षी म्हणतं ठीक राहील, आणि हा पठ्ठ्या दरवर्षी मोडतो. ६ मात्र ठणठणीत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

वाटसरू

मला यातलं काही कळत नाही, पण प्रश्न पडला म्हणून विचारतो. पाणी गोठलं की फुगतं हे शाळेत शिकलो. मग रस्ता फुटायचा तर गोठतानाच फुटायला हवा ना? वितळताना कसला मोडतो? तेव्हा तर फुगलेलं खाली बसतं.

---

नीरक्षीर

वाटसरू, प्रश्न भाबडा वाटला तरी नेमका आहे. शंभर वर्षांपूर्वी तज्ज्ञही असंच समजत होते.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. आता हिशेब करा. मीटरभर जाडीच्या थरात आकारमानाने ३० टक्के पाणी धरलं आणि ते सगळं जागच्या जागी गोठलं, तर फुगवटा येईल २७ मिलिमीटर. प्रत्यक्षात रस्ते त्याच्या कितीतरी पट वर उचललेले सापडतात. हे जास्तीचं कुठून आलं?

स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास याचा निकाल लावला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ती गोठवली. बेंझिन गोठताना आकसतं. तरीही माती फुगली! म्हणजे फुगवटा हा गोठण्याने होणाऱ्या प्रसरणाचा खेळ नव्हेच. गोठणाऱ्या सीमेकडे खालचा द्रव ओढला जातो आणि तिथे थरावर थर जमतो. मातीत बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात, भिंगासारख्या, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कधी केसाएवढ्या, कधी बोटभर जाड. गोठलेल्या मातीचा गाभा उभा कापून पाहिला तर माती-बर्फ-माती-बर्फ असे पट्टे स्पष्ट दिसतात.

म्हणजे हिवाळाभर रस्ता खालून पाणी पीत असतो. जमिनीत मुळात नव्हतं तेवढं पाणी वर येऊन बर्फ होऊन बसतं. जोवर गोठलेलं आहे तोवर सगळं दगडासारखं टणक, वरून कितीही जड गाडी न्या. खरा घोळ सुटताना. काळं डांबर उन्हाने तापतं, त्यामुळे रस्ता वरून खाली सुटतो. वरचा अर्धा मीटर सुटला, खाली अजून गोठलेलंच. सुटलेलं पाणी खाली जाऊ शकत नाही, कारण तळाला बर्फ. बाजूलाही जाऊ शकत नाही, कारण साइडपट्टीवर बाजूला सारलेल्या बर्फाचे ढीग असतात आणि त्यांच्याखालची माती सगळ्यात उशिरा सुटते. परातीत पाणी साठावं तसं ते रस्त्याच्या पोटात साठतं. त्यावरून ट्रक गेला की खडी-मातीचा चिखल होतो, चाकोऱ्या पडतात आणि भेगांतून बारीक गाळ वर फेकला जातो.

तेव्हा धागाकर्त्याच्या पहिल्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. किमान तापमान सांगतं की एका रात्री किती कडाका पडला. किती पाणी वर ओढलं गेलं ते त्यातून कळत नाही.

---

गिट्टी

आभार. परातीचा दाखला चपखल. मग किमान तापमानाऐवजी फ्रीझिंग इंडेक्स घ्यावा का? म्हणजे रोजचं सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश, त्यांची हिवाळाभराची बेरीज, अंश-दिवसांत.

---

आकडेमोड्या

घ्याच, पण त्याचा स्वभाव समजून घ्या. जमीन किती खोल गोठते ते इंडेक्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, सरळ प्रमाणात नाही. स्टेफानचं जुनं सूत्र आहे, हाताने करता येतं :

धरा ओलावा १० टक्के, कोरडी घनता १८०० किलो प्रति घनमीटर. म्हणजे घनमीटरमागे १८० किलो पाणी. किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे सुमारे ६० मेगाज्यूल. उष्णतावाहकता २ वॅट प्रति मीटर-अंश आणि फ्रीझिंग इंडेक्स ३०० अंश-दिवस. उत्तर येतं १.३ मीटर. इंडेक्स दुप्पट, म्हणजे ६०० केलात तर २.६ नव्हे, १.८५ मीटरच्या आसपास. हे सूत्र मातीची मुळातली ऊब धरत नाही, त्यामुळे जरा जास्तच खोली दाखवतं. पण अंदाजाला पुरतं.

आता गंमत. ओलावा १० ऐवजी ४ टक्के करा. खोली २ मीटरच्या वर जाते! (कोरड्या खडीची वाहकताही कमी असते, म्हणून प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही. पण दिशा हीच.) म्हणजे कोरडा, चांगला निचरा होणारा रस्ता जास्त खोल गोठतो आणि तरीही शाबूत राहतो. ओलाकच्च रस्ता कमी खोल गोठतो आणि मोडतो. नुसती खोली पाहून नुकसान सांगायला गेलात तर मॉडेल उलट शिकेल.

आणि हो, हवेचं तापमान म्हणजे डांबराचं तापमान नव्हे. त्यासाठी एक गुणांक लावतात, एन-फॅक्टर. बर्फ काढलेल्या रस्त्यासाठी वेगळा, बर्फाच्या गोधडीखालच्या साइडपट्टीसाठी वेगळा. हवामान केंद्राचा आकडा जसाच्या तसा ढकलू नका.

---

चाकोरीबाहेर

नीरक्षीर, एक शंका. कोनराड आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९८० च्या सुमारास मांडलेल्या सेग्रिगेशन पोटेन्शियलप्रमाणे पाणी ओढलं जाण्याचा वेग हा गोठलेल्या भागातल्या तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो. उदाहरणार्थ पोटेन्शियल १०० चौरस मिलिमीटर प्रति अंश-दिवस आणि उतार मीटरला १० अंश. दिवसाला १ मिलिमीटर पाणी वर येतं, गोठून १.०९ मिलिमीटर फुगवटा. ६० दिवसांत ६५ मिलिमीटर. म्हणजे थंडी कडक, उतार जास्त, पाणी जास्त. मग सौम्य हिवाळ्यात दैना झाली हे कोड्याचं उरलेलं अर्धं तुमच्या उत्तरात कुठे बसतं?

---

नीरक्षीर

हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवाच होता.

कडक थंडीत पाणी वेगाने ओढलं जातं हे खरं. पण तेव्हा गोठणारी सीमाही त्याच वेगाने खाली धावते. एका पातळीवर ती थांबतच नाही, त्यामुळे चकती जाड व्हायला उसंत मिळत नाही. वेग दुप्पट, थांबण्याचा वेळ निम्मा. दर मीटर खोलीमागचा फुगवटा साधारण तेवढाच राहतो.

पण खालून जमिनीची ऊब सतत वर येत असते. थंडी मध्यम आणि रेंगाळणारी असली की वरून जाणारी उष्णता आणि खालून येणारी ऊब यांची जवळपास बरोबरी होते. सीमा एका जागी ठाण मांडते. उष्णता निघून जाणं चालू, पाणी ओढणं चालू, आणि खोली मात्र वाढत नाही. जाड चकत्या अशाच वेळी तयार होतात. त्यातून ती सीमा बेसच्या (डांबराखालच्या खडीच्या थराच्या) तळाशी, गाळमातीच्या तोंडाशीच थांबली आणि खाली भूजल जवळ असलं, तर बघायलाच नको.

सौम्य हिवाळ्याचं दुसरं अंग म्हणजे मध्येच सुटणं. भर हिवाळ्यात चार उबदार दिवस आले, वरचा वीत-दीड वीत थर सुटला, पाऊस झाला, परत गोठलं. प्रत्येक वेळी परात भरते. आणि अशा वेळी जड गाड्यांवर बंदीही नसते, कारण पंचांगाप्रमाणे अजून हिवाळा चालू असतो.

---

दवबिंदू

वाखूसा (वाचनखूण साठवली)!

अवांतर : 'चाकोरीबाहेर' नावाच्या माणसाने चाकोऱ्यांच्या धाग्यावर यावं हा योग जुळून आलाय.

---

जुना_ओव्हरसियर

मंडळी, तुमचं गणित थोर आहे, पण आधी मातीला हात लावा.

माती तीन तऱ्हेची. जाड वाळूत पाणी भराभर वाहतं, पण वर चढत नाही. चिकणमातीत चढायची ओढ भरपूर, पण वाट इतकी अरुंद की पाणी पोचेपर्यंत हिवाळा संपतो. मधली जी गाळमाती, बोटांत चोळली तर पिठासारखी लागणारी, तिच्यात ओढही आहे आणि वाटही. सगळा उपद्व्याप हिचा. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३१ मध्ये ठोकताळा दिला होता : लहानमोठे कण नीट मिसळलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असले, किंवा एकसारख्या कणांच्या मातीत १० टक्क्यांहून जास्त असले, तर माती फुगणारी समजा. एवढ्या वर्षांनीही तोच आकडा घेऊन लोक साइटवर बोलतात.

तीन टक्के म्हणजे किती थोडं बघा. टाकताना खडी स्वच्छ असते. पंधरा-वीस वर्षं रोलर आणि चाकांखाली घासून तिची पूड होते, खालची माती वर घुसते, आणि स्वच्छ बेस आपोआप 'फुगणारा' बनतो. धागाकर्ते, तुमच्या रकान्यात जी माती लिहिली आहे ती बांधकामाच्या वेळची की आजची?

---

गिट्टी

काका, बांधकामाच्या वेळचीच. आजची कुठून आणू, प्रत्येक तुकडा खणायला कोण देणार?

आता माझ्या त्या संशयाचं सांगतो. प्रशिक्षण आणि चाचणी यांची वाटणी मी ओळींप्रमाणे सरमिसळ केली होती. म्हणजे १२ नंबरच्या तुकड्याची काही वर्षं शिकण्यात आणि उरलेली परीक्षेत. मॉडेलने तुकडे पाठ केले, भौतिकशास्त्र नाही. तुकड्याप्रमाणे वाटणी केली, म्हणजे जो तुकडा परीक्षेत तो शिकताना दाखवायचाच नाही, तर सगळा दिमाख उतरला. मग वर्षाप्रमाणे वाटून पाहिलं, शेवटचे दोन हिवाळे लपवून. आणखी उतरला. बैठकीत पहिला तक्ता दाखवून बसलो होतो, आता तोंड लपवतोय.

---

आकडेमोड्या

तोंड लपवू नका, हे सगळ्यांचं होतं. या विदेत (डेटात) आणखी तीन सापळे आहेत, आधीच सांगून ठेवतो.

पहिला, दुरुस्ती. आयआरआय वाढत वाढत जातो आणि एक दिवस धपकन खाली येतो, कारण वर नवा थर पडला. ती नोंद विदेत नसेल तर मॉडेल समजतं की रस्ता आपोआप बरा झाला. आणि सगळ्यात वाईट तुकडे नव्याने बांधून यादीतून बाद होतात. उरतात ते काटक. त्यांच्यावरून शिकलेलं मॉडेल नेहमीच आशावादी.

दुसरा, मोजणीचा हंगाम. तुमची मोजणी उन्हाळ्यात होत असणार. फुगवटा तेव्हा बसलेला असतो. हिवाळ्याच्या शेवटी ज्या रस्त्यावर गाडी होडीसारखी डोलते तोच चार महिन्यांनी बऱ्यापैकी सपाट मोजला जातो. हिवाळी आणि उन्हाळी आयआरआयमधला फरक हा रकाना मिळाला तर सोनं.

तिसरा, बंदीचाच परिणाम. कमजोर रस्त्यांवर वितळणीत जड गाड्या बंद करता, म्हणून ते टिकतात. विदा बघणाऱ्याला वाटतं हे रस्ते मजबूत आहेत.

---

चाकोरीबाहेर

त्यात माझा चौथा. 'नुकसान' हा एक रकाना का केलाय? ही वेगवेगळी दुखणी आहेत.

रस्त्याच्या आरपार आडव्या भेगा, ठरावीक अंतरावर : हे डांबर थंडीने आकसून तडकतं त्याचं काम. इथे किमान तापमानच राजा. म्हणून तर डांबराच्या प्रतीत तो आकडा असतो. पीजी ५८-३४ मधला ३४ म्हणजे उणे ३४ अंश. वाहतूक शून्य असली तरी या भेगा पडतात.

चाकांच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखी जाळी, चाकोऱ्या : हे वितळणीतल्या कमजोरीचं आणि जड चाकांचं. इथे अंश-दिवस, निचरा आणि ट्रक.

मधोमध लांबच लांब उभी भेग : हे कमी-जास्त फुगल्याचं. बर्फ काढलेला मधला भाग खोल गोठून जास्त उचलला जातो, कडा बर्फाच्या गोधडीखाली कमी गोठतात. रस्ता पाठ वाकवतो आणि मध्यावर फाटतो.

मोरीच्या अलीकडे-पलीकडे उंचवटा : मोरीभोवती घातलेली माती वेगळी आणि पाइपातून खेळणारी गार हवा वेगळी.

सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा भाकीत करायला गेलात तर प्रत्येक कारण दुसऱ्याला पुसून टाकतं. किमान तापमान बिनकामाचं 'निघालं' ते यामुळेही असेल. आडव्या भेगा वेगळ्या काढून पुन्हा बघा.

---

गिट्टी

चाकोरीबाहेर, हे डोक्यात लख्ख पडलं. रात्री आडव्या भेगा वेगळ्या काढून मॉडेल पुन्हा चालवलं. किमान तापमान थेट पहिल्या रांगेत, त्याच्या जोडीला डांबराचं वय. इतके दिवस मी तापाला आणि फ्रॅक्चरला एकच औषध देत होतो.

---

वाटसरू

बंदीबद्दल कुतूहल आहे. एखाद-दुसरा ट्रक जाऊ दिला तर असं काय बिघडतं?

---

नीरक्षीर

अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात सैन्याच्या चालकांनी मुद्दाम बांधलेल्या चाचणी रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवले. 'आशो रोड टेस्ट'. दोन वर्षांत सुमारे ११ लाख आसांच्या (ॲक्सलच्या) फेऱ्या. एक वेटोळं मात्र मुद्दाम बिनवाहतुकीचं ठेवलं होतं, नुसतं हवामान काय करतं ते बघायला. त्यातून नुकसान आसाच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं हा ठोकताळा निघाला. ८ टनांचा आस १० टनांचा केला तर भार सव्वापट, नुकसान जवळपास अडीचपट. शिवाय डांबरी तुकड्यांचं मोठं नुकसान वसंतातल्या वितळणीत झालं, हेही तिथेच दिसलं.

सुटलेल्या बेसचा ताठपणा उन्हाळ्याच्या मानाने निम्म्यावरही येऊ शकतो. आणि तो परत यायला दिवस नव्हे, आठवडे लागतात, कारण पाणी बाहेर पडेपर्यंत कमजोरी जात नाही.

बंदी कधी लावायची हे पंचांग पाहून ठरवण्यापेक्षा अंश-दिवसांवरून ठरवणं बरं. मिनेसोटात वितळणीची बेरीज करतात. उन्हाने डांबर हवेपेक्षा गरम असतं, म्हणून फेब्रुवारीपासून पुढे तुलनेचं तापमान शून्याच्या खाली उतरवत नेतात. बेरीज साधारण १४ सेल्सियस अंश-दिवसांवर जाणार असा हवामानाचा अंदाज दिसला की बंदी जाहीर. आकडा किती लहान आहे बघा. चार-पाच बऱ्या दुपारी पुरतात. ती पाटी लागेपर्यंत पहिला आठवडा निघून गेला तर बंदीचा बराचसा उपयोग गेला.

---

जुना_ओव्हरसियर

हवेवरून बेरजा करा, पण दोन-चार ठिकाणी जमिनीत डोकावायची सोय ठेवा. स्वस्तातली सोय म्हणजे फ्रॉस्ट ट्यूब. जमिनीत उभं पुरलेलं आवरण, त्यात पारदर्शक नळी, नळीत मिथिलीन ब्लू घातलेलं पाणी. गोठतं तिथला निळा रंग बाहेर ढकलला जातो आणि बर्फ पांढरा दिसतो. नळी वर ओढायची, पट्टीवर वाचायचं : वरची वीतभर निळी, मग हातभर पांढरी, खाली परत निळी. म्हणजे वरून वीतभर सुटलंय, मधे अजून गोठलेलं. परात भरलेली आहे. बंदी लावा. बॅटरी नाही, वायर नाही, आणि मोजायला गेलेल्या माणसाला रस्ताही पाहावा लागतो, हा वर फायदा.

---

आकडेमोड्या

काकांशी सहमत. नुसत्या तापमानाच्या सेन्सरवर विसंबू नका, हेही जोडतो. सुटताना जमीन दिवसेंदिवस शून्यावर अडून बसते, कारण आत येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात जाते. याला झिरो कर्टन म्हणतात. सेन्सर ०.० दाखवतो, आणि गोठलंय की सुटलंय ते त्यालाही ठाऊक नसतं. तिथे टीडीआर (मातीत विजेचा स्पंद सोडून तिच्यातलं पाणी ओळखणारा सेन्सर) कामाला येतो. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ८० च्या आसपास, बर्फाचा ३ च्या जरा वर. सुटलं की आकडा उडी मारतो, शंकाच नको.

आणखी एक : गोठण-वितळणीची आवर्तनं हवेवरून मोजू नका. हवा हिवाळ्यात कितीतरी वेळा शून्य ओलांडते, अर्ध्या मीटरवरचा बेस मोजक्या वेळा. आवर्तनं कुठल्या खोलीवरची ते ठरवून मोजा.

---

गिट्टी

भरपूर मिळालं. आता ७ नंबर! रोज जाता-येता टोचतो. जास्तीची माहिती देतो :

गेल्या वितळणीत एफडब्ल्यूडीने (वरून वजन टाकून रस्ता किती लवतो ते मोजण्याचं यंत्र) तपासलं होतं. मध्यरेषेजवळ ६ आणि ७ सारखेच लवतात. भूजल दोन्हीकडे सारखं खोल. गाभा काढला तेव्हा बेसही सारखा, जाडीसकट. नुकसान बाहेरच्या बाजूला, जड गाड्यांचं डावं-उजवं कुठलं चाक पडतं तिकडे म्हणा, फक्त एकाच दिशेच्या पट्ट्यात. सुरुवात एका उभ्या भेगेने होते. कडेपासून दीडेक मीटर आत, जवळजवळ आखल्यासारखी सरळ. मग तिच्या बाहेर जाळी.

---

चाकोरीबाहेर

मध्यावर नाही, कडेला? आणि एकाच बाजूला? मग ही माझी 'पाठ वाकवण्याची' भेग नव्हे. ती दोन्ही बाजूंनी सारखी ताणली जाते, म्हणून मध्यात येते. डोंगर कापून एका बाजूने पाणी येतंय का?

---

गिट्टी

नाही. दोन्हीकडे सपाट, हलका भराव.

---

जुना_ओव्हरसियर

आखल्यासारखी सरळ भेग निसर्ग पाडत नाही, माणूस पाडतो. कडेपासून दीड मीटर आत, एकाच बाजूला. रस्ता रुंद केलाय का कधी? आणि गाभा कुठून काढला होता?

---

गिट्टी

गाभा मध्यरेषेजवळून, वाहतूक अडायला नको म्हणून. रुंदीकरणाची नोंद माझ्या विदेत नाही. जुनी कागदपत्रं तळघरात आहेत, उद्या बघतो.

---

दवबिंदू

आता झोप नाही लागायची. लवकर कळवा हो.

---

आकडेमोड्या

काका बरोबर निघाले तर याचा अर्थ मॉडेल चुकत नव्हतं. 'एक तुकडा = एक छेद' हे आपण गृहीत धरलेलं चुकत होतं. एफडब्ल्यूडीसुद्धा तुम्ही मध्यरेषेजवळच घेतलंत ना?

---

गिट्टी

हो, तिथेच घेतलं. आणि काका बरोबर निघाले.

तळघरातून दोन नकाशे सापडले, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. ७ नंबरचा तुकडा एका बाजूने दीड मीटर रुंद केला होता, ६ नंबरच्या हद्दीवर येऊन काम थांबलं. पुढे दोन्हीवर एकसारखा नवा थर पडला, त्यामुळे वरून काही कळत नाही. रुंदीकरणातला बेस मूळ बेसच्या जेमतेम निम्म्या जाडीचा आहे. पण खरी गोष्ट दुसऱ्या नकाशात आहे, रुंदीकरणाच्या आधीच्या. त्यावर रस्त्याच्या कडेने तुटक रेघ आहे आणि शेजारी बारीक अक्षरात 'चर'.

रस्ता जुन्या चरावर रुंद केलाय. चर बुजवला तो त्यातला गाळ न काढता.

आज दुपारी जाऊन भेगेच्या बाहेरच्या अंगाला हाताने फिरवायच्या ऑगरने भोक घेतलं, मीटरभर. साठ सेंटिमीटरवर राखाडी माती लागली. काका म्हणाले तशी बोटांत चोळली. पिठासारखी. भोकाच्या तळाशी दहा मिनिटांत पाणी जमलं, आणि हे वितळणीच्या काळात नव्हे, कोरड्या महिन्यात.

---

जुना_ओव्हरसियर

भोक नीट बुजवलंत ना?

---

गिट्टी

बुजवलं, काका. थराथराने ठोकून.

आता विदेत प्रत्येक तुकड्याचे आडवे तीन भाग करतोय : मध्य, आतली चाकवाट, बाहेरची चाकवाट. 'जुनं रुंदीकरण' आणि 'बुजवलेला चर' असे दोन नवे रकाने. तळघरात अजून चौदा पेट्या आहेत. साहेबांना सांगितलं की अंदाज दोन आठवडे उशिरा मिळेल, तर ते म्हणाले, मॉडेलला नकाशे वाचता येत नाहीत का?

---

आकडेमोड्या

येतात, पण तळघराची किल्ली कुणीतरी द्यावी लागते.

पेट्या उघडताना मोऱ्या बदलल्याच्या तारखाही टिपून घ्या. त्या नंतर लागतीलच.